म्हणींचा उगम, अर्थ आणि उपयोग : दुर्ग परिसरातून एक ऐतिहासिक विचार

१. प्रस्तावना

शाळेत म्हणी शिकताना वहीच्या डाव्या बाजूला म्हण आणि उजव्या बाजूला तिचा अर्थ लिहितात. परीक्षेपुरते तेवढे पुरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र पुढचे प्रश्न पडायला हवेत. ही म्हण आली कुठून? ती कोण वापरत होते आणि कोणाला उद्देशून? तिच्या मागे सांगितली जाणारी गोष्ट खरी आहे का? आणि मुख्य म्हणजे, म्हण हा इतिहासाचा पुरावा असेल तर तो नक्की कशाचा पुरावा?

या पाठात आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत. त्यासाठी दुर्ग-भिलाईचा परिसर निवडला आहे, कारण इथे मराठी आणि छत्तीसगडी या दोन भाषा दीर्घकाळ शेजारी राहिल्या आहेत. दोन भाषांच्या म्हणी जवळजवळ ठेवल्या की एकाच भाषेत राहून न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. पाठाच्या शेवटच्या भागात एका परिचित म्हणीची सविस्तर तपासणी केली आहे. ती म्हण या परिसरात आजही एखाद्याचे मन दुखवू शकते, म्हणून ही तपासणी केवळ भाषेची हौस राहत नाही.

२. म्हण, आहणा आणि हाना

‘म्हण’ हा शब्द ‘म्हणणे’ या क्रियापदावरून आला, आणि ‘म्हणणे’चे मूळ संस्कृत ‘भण्’ या धातूत आहे. म्हण म्हणजे लोक जे म्हणतात ते. तिचा कर्ता माहीत नसतो आणि विचारलाही जात नाही. ‘लोक म्हणतात’ एवढाच तिचा आधार, आणि तेच तिचे बळ.

मराठीत म्हणीसाठी ‘आहणा’ असाही एक जुना शब्द आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तो सापडतो. संस्कृतात म्हणीला ‘आभाणक’ म्हणतात. त्यातही ‘भण्’ आहेच. छत्तीसगडीत म्हणीला ‘हाना’ म्हणतात आणि कोड्याला ‘जनउला’. आहणा आणि हाना हे शब्द एकापुढे एक उच्चारून पाहा. दोन्हींना आभाणकाच्या वंशात बसवणे सयुक्तिक वाटते. म्हणजे रोजच्या बोलण्यात मराठी माणसाने जो शब्द मागे टाकला, त्याचे भावंड शेजारच्या छत्तीसगडी घरात आजही वापरात आहे.

पुढे जाण्यापूर्वी तीन संज्ञा वेगळ्या करून घेऊ.

म्हण हे पूर्ण विधान असते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे वाक्य आहे तसेच उभे राहते आणि समोरच्या प्रसंगावर निवाडा देते.

वाक्प्रचार वाक्यात मिसळतो आणि काळ-वचनाप्रमाणे बदलतो. ‘पानिपत होणे’ याचे ‘पानिपत झाले’, ‘पानिपत होईल’ असे होते.

सुभाषिताला बहुधा छंद असतो, पुष्कळदा कर्ताही असतो, आणि ते पाठांतराने टिकते.

या सीमा पक्क्या नाहीत. एखाद्या संताच्या अभंगातला चरण लोकांच्या तोंडी बसून म्हण होतो, तर एखादी म्हण आखडून वाक्प्रचार होते. तरीही भेद लक्षात ठेवावा, कारण ऐतिहासिक घटनांची आठवण बहुतेक वेळा वाक्प्रचारात राहते, तर सर्वसाधारण अनुभव म्हणीत राहतो.

३. दोन भाषा शेजारी कशा आल्या

दुर्ग या नावातच किल्ला आहे. इथल्या जुन्या मातीच्या किल्ल्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आहे, आणि १७४१ च्या स्वारीत मराठ्यांनी इथे आपले ठाणे केल्याचेही त्यात सांगितले आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, ओडिशा-बंगालच्या मोहिमेवर जाताना छत्तीसगडातून गेले. रतनपूरच्या कलचुरी राजाने शरणागती पत्करली. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला. त्यांच्यानंतर सुभेदारांची राजवट आली.

१८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती व्यवस्था गेली आणि मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, १९०६ मध्ये दुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. कचेरी, न्यायालय, शिक्षण, नोकरी या सगळ्या वाटा नागपूरकडे जात. पुढे १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे इथे आली. विदर्भातली मराठी कुटुंबेही त्यांत होती.

तेव्हा इथली मराठी एकाच वेळी, एकाच वाटेने आलेली नाही. काही घरे भोसल्यांच्या काळातली, काही मध्य प्रांताच्या नोकरशाहीतली, काही कारखान्याबरोबर आलेली. प्रत्येकाने आपापल्या गावच्या म्हणी सोबत आणल्या आणि इथल्या अंगणात हाने ऐकले.

४. म्हणींचा उगम

म्हणी उगवण्याच्या जागा ढोबळमानाने चार सांगता येतात.

(अ) रोजचे काम आणि निरीक्षण. बहुतेक म्हणी इथूनच आल्या. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण चुलीशी उभ्या राहिलेल्या माणसाची आहे. भात शिजला की नाही हे पाहायला सगळे भांडे उपसावे लागत नाही. एक शीत दाबून पाहिले की कळते. धान पिकवणाऱ्या दुर्गमध्ये ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

(आ) शास्त्रातले न्याय. हेच शिताचे उदाहरण संस्कृतात ‘स्थालीपुलाकन्याय’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि पतंजलीच्या महाभाष्यातही ते येते. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण ‘काकतालीयन्याया’ची सख्खी बहीण आहे. इथे घाई करू नये. संस्कृतात सापडते म्हणून मराठीत ती तिथून उतरली असे ठरत नाही. पंडितांच्या घरीही चूल होतीच. स्वयंपाकघरातले निरीक्षण शास्त्रात गेले आणि शास्त्रातले बोलीत आले, असे दोन्ही दिशांनी घडू शकते.

(इ) कथा. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही इसापाची गोष्ट. कथा फार सांगितली गेली की तिचे शेवटचे वाक्य तेवढे उरते. मग कथा माहीत नसलेला माणूसही ते वाक्य वापरतो.

(ई) ऐतिहासिक घटना. ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा प्रयोग १७५८ मधल्या पंजाबच्या मोहिमेचा, ‘पानिपत होणे’ हा १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाचा. इथे उगम स्पष्ट दिसतो. पण सगळीकडे तो इतका सरळ नसतो.

‘गड आला पण सिंह गेला’ हे उदाहरण घ्या. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि ते कामी आले. त्या वेळी महाराजांनी हे उद्गार काढले आणि त्यावरून किल्ल्याचे नाव सिंहगड पडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ‘सिंहगड’ हे नाव १६६३ सालच्या पत्रात, म्हणजे तानाजींच्या मृत्यूच्या आधीच आढळते. सभासदाच्या बखरीत हा प्रसंग आहे, महाराजांचा शोकही आहे, परंतु तिथे सिंह नाही. तिथे तानाजींनाच गड म्हटले आहे. आजचे रूप घरोघरी पोहोचवण्यात हरि नारायण आपटे यांच्या त्याच नावाच्या कादंबरीचा वाटा मोठा आहे. म्हणजे घटना खरी, शोक खरा. पण वाक्याची आजची घडण नंतरची, आणि नावाची उपपत्ती तर उलटी. नावात सिंह आधीपासून होता, म्हणून वाक्यात सिंह येणे सोपे झाले, असे म्हणणे अधिक पटते.

यातून पहिला नियम मिळतो. म्हणीबरोबर येणारी जन्मकथा ही पुष्कळदा म्हणीनंतर जन्मते. ती ऐकावी, लिहून ठेवावी, पण पुराव्याशिवाय स्वीकारू नये.

५. म्हणीचा अर्थ शब्दांत किती आणि वापरात किती

दुर्गच्या आसपास पळस भरपूर आहे. छत्तीसगडीत त्याला ‘परसा’ म्हणतात. त्याच्या देठाला तीन पाने दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत त्या एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका असतात. मराठीत म्हण आहे, ‘पळसाला पाने तीनच’. हिंदीत म्हणतात, ‘ढाक के तीन पात’. झाड एक, निरीक्षण एक, आकडाही एक. अर्थ मात्र एक नाही.

मराठी माणूस ही म्हण जागेविषयी वापरतो. कुठल्याही गावी जा, पळसाला पाने तीनच. म्हणजे परिस्थिती सगळीकडे सारखीच. गाव बदलून, नोकरी बदलून काही वेगळे हाती लागणार नाही, हा तिचा सूर. हिंदीतला प्रयोग काळाविषयी आहे. कितीही खटपट केली तरी शेवटी ढाकाची तीन पाने. म्हणजे गोष्ट जिथल्या तिथे राहिली, पुढे सरकली नाही. मराठीत स्थळ बदलते आणि हिंदीत वेळ जातो.

भिलाईत कारखान्याच्या वसाहतीत मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारे घर असेल, तर तिथे या दोन म्हणी एकमेकींची भाषांतरे समजण्याचा संभव असतो. आता बदली होऊन दुसऱ्या शहरी गेलेल्या मुलाला आई ‘पळसाला पाने तीनच’ म्हणाली, तर ती त्याला समजूत घालते आहे. त्याने ते ‘ढाक के तीन पात’ असे ऐकले, तर आईने आपल्या खटपटीला नावे ठेवली असे त्याला वाटेल. अर्थ पानांत नव्हता. तो ती म्हण वापरणाऱ्यांच्या सवयीत होता.

आता उलट बाजू पाहा. शब्द वेगळे, पण अर्थ आणि वापर एक, अशाही जोड्या आहेत.

मराठी : कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही.
छत्तीसगडी : कउंवा के रटे ले ढोर नइ मरय.

मराठी : शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.
छत्तीसगडी : बोकरा के जीव जाय, खवइया बर अलोना.

मराठी : आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही.
छत्तीसगडी : अपन मरे बिन सरग नइ दिखय.

दुसऱ्या जोडीत बारीक फरक आहे. मराठी खाणाऱ्याची तक्रार मांस वातड असल्याची, छत्तीसगडी खाणाऱ्याची तक्रार ते अळणी असल्याची. जीव दोन्हीकडे गेलाच. हाने बोलीगणिक थोडे बदलतात. तुमच्या गावी एखादा शब्द वेगळा असेल, तर तो तसाच नोंदवा.

अशा जोड्या पाहून ‘मराठ्यांनी या म्हणी छत्तीसगडात आणल्या’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. यांसारखी वाक्ये हिंदीच्या इतर बोलींतही ऐकू येतात. कावळा, ढोर, बकरा आणि मरण ही एका राज्याची मालमत्ता नाही. उसनवारी सिद्ध करायची असेल तर असा शब्द किंवा असे रूप दाखवावे लागेल, जे एका भाषेत सहज आहे आणि दुसरीत परके आहे.

६. म्हणीचा उपयोग

म्हण वापरणारा माणूस स्वतःचे मत स्वतःच्या नावावर मांडत नाही. तो ते सगळ्यांच्या नावावर मांडतो. ‘तुला काम येत नाही’ असे तोंडावर म्हटले तर भांडण होते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हटले तर ऐकणाऱ्याला हसावे लागते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण तर म्हणीच्या या वापराचेच वर्णन करते. बोलायचे एकीला आणि लागायचे दुसरीला. ज्या घरात सुनेशी किंवा सुनेने सासूशी उघड बोलणे अवघड होते, तिथे म्हणी वादाचे काम करत होत्या.

म्हणी एकमेकींविरुद्धही असतात. ‘बळी तो कान पिळी’ खरे की ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ खरे? दोन्ही खऱ्या, आपापल्या प्रसंगी. म्हणून एखाद्या समाजाची एक म्हण उचलून ‘हा समाज असा विचार करत होता’ असे लिहिणे चुकीचे ठरते. म्हणींचा साठा ही हत्यारांची पेटी आहे. हातोडा सापडला म्हणून घरात करवत नव्हती असे होत नाही.

घटनेची आठवण भाषेत राहते तीही कोणाच्या तरी बाजूने. भास्करपंतांची जी फौज छत्तीसगडातून गेली, ती पुढे बंगालात पोहोचली. मराठीत अठराव्या शतकातल्या मोहिमांची आठवण अटकेपारच्या झेंड्याने राहिली, अभिमानाने. बंगालीत मुलांना झोपवताना म्हणायच्या गाण्यात ‘बर्गी’ आले, भीती म्हणून. काळ एकच, फौजा एकाच सत्तेच्या. एका भाषेत झेंडा उरला, दुसरीत झोपलेल्या गावावर आलेले संकट.

‘ध चा मा करणे’ हा प्रयोगही असाच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रातले ‘धरावे’ हे अक्षर बदलून आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी हकिकत आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी ठपका ठेवला तो रघुनाथरावांवर. पत्रातल्या फेरफाराच्या हकिकतीवर इतिहासकारांचे एकमत नाही. पण वाक्प्रचाराला एकमताची गरज नसते. आज कोणी कागदातला शब्द फिरवला की आपण ‘ध चा मा’ म्हणतो आणि प्रत्येक वेळी एका बाईवरचा आरोप सिद्ध झाल्यासारखा पुन्हा उच्चारतो.

७. एक तपासणी : कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली

आता आपण मुख्य उदाहरणाकडे येऊ. दोन माणसांत किंवा गोष्टींत तुलनाच होऊ शकत नाही हे सांगायला मराठीत आणि हिंदीत ही म्हण वापरतात. वरकरणी ती राजा आणि सामान्य माणूस यांच्यातला फरक सांगते. पण तिने सामान्य माणूस म्हणून एका जातीचे नाव घेतले आहे. छत्तीसगडात तेली, म्हणजे साहू समाज, मोठ्या संख्येने आहे. दुर्गच्या गावांत, बाजारात, शाळेत, राजकारणात तो सगळीकडे आहे. तेव्हा मराठी वर्गात सहज उच्चारलेली ही म्हण इथे बाकावर बसलेल्या मुलाच्या आडनावाला लागते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. ही म्हण जातीविषयी नाहीच, असे सांगतात. गंगू म्हणजे कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्य राजा तैलप. या दोघांना माळव्याच्या परमार राजा भोजाने हरवले, त्यावरून म्हण पडली. ‘गांगेय-तैलप’चा अपभ्रंश ‘गंगू तेली’. उपपत्ती आकर्षक आहे आणि तिच्यामागचा हेतूही चांगला आहे. छत्तीसगडच्या वाचकाला ती जवळची वाटते, कारण रतनपूरचे कलचुरी हे त्रिपुरीच्या कलचुरींचीच शाखा होते. तिची तपासणी करू.

पहिली कसोटी कालगणनेची. भोजाचा काळ साधारण इ.स. १०१० ते १०५५. त्रिपुरीचा गांगेयदेव त्याचा समकालीन, साधारण १०१५ ते १०४१. इथपर्यंत ठीक. पण कल्याणीच्या चालुक्यांतला दुसरा तैलप ९७३ ते ९९७ या काळात राज्यावर होता. तो भोजाच्या राज्यारोहणाच्या आधीच वारला. त्याचे वैर होते ते भोजाचा चुलता मुंज याच्याशी, आणि त्यात मुंजच पकडला जाऊन मारला गेला. भोजाचा समकालीन चालुक्य राजा होता दुसरा जयसिंह. म्हणजे भोजाने तैलपाला हरवले हे कालक्रमात बसत नाही.

दुसरी कसोटी शब्दाची. ‘तेली’ हा शब्द संस्कृत ‘तैलिक’वरून सरळ येतो. तैलपापर्यंत जाण्याची गरज नाही. दोन शब्दांचा आवाज जुळला म्हणून नाते ठरत नाही.

तिसरी कसोटी अर्थाची, आणि माझ्या मते तीच निर्णायक. म्हणीचा सगळा जोर ‘राजा’ आणि ‘तेली’ यांच्यातल्या अंतरावर आहे. दोन्हीकडे राजेच उभे केले तर अंतर राहत नाही. शिवाय कल्याणीचे चालुक्य आणि त्रिपुरीचे कलचुरी काही किरकोळ नव्हते. भोजाच्या अखेरच्या दिवसांत माळव्यावर चालून येणाऱ्यांत गांगेयदेवाचाच मुलगा कर्ण होता. ज्यांनी भोजाच्या घराण्याला धूळ चारली, त्यांना क्षुद्रपणाचे उदाहरण म्हणून कोण वापरील?

पन्हाळ्याला आणखी एक हकिकत सांगतात. तिथला भोज म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा शिलाहार राजा दुसरा भोज. किल्ल्याचा तट उभा राहीना, म्हणून तेली समाजातल्या माणसाचा बळी दिला, अशी ती कथा. तटाखाली बळी दिल्याच्या कथा कितीतरी किल्ल्यांच्या आहेत. तिने म्हणीचा उगम सिद्ध होत नाही. पण म्हणीतल्या दोन नावांना जोडणारी गोष्ट लोकांना हवी होती, एवढे मात्र तिने कळते. माळव्याच्या उपपत्तीत तेली राजा होतो, पन्हाळ्याच्या कथेत तो बळी होतो. दोन्ही ठिकाणी गोष्ट म्हणीला मागून येऊन चिकटली आहे असे दिसते.

मग ही म्हण कशाचा पुरावा? अकराव्या शतकातल्या लढाईचा नक्कीच नाही. ती वापरणाऱ्यांच्या दृष्टीचा ती पुरावा आहे. घाण्यावर राबणाऱ्याचे तेल घरोघर दिव्याला आणि चुलीला लागत होते, आणि तरीही त्याचे नाव खालच्या पायरीचे उदाहरण म्हणून घेणे सोपे होते. म्हण ही गोष्ट लपवत नाही. तिच्यावर राजांची नावे चढवली की मात्र ती लपते.

दुसऱ्या बाजूची स्मृतीही इथेच आहे, तीही ऐकायला हवी. महानदीकाठच्या राजिम या तीर्थाचे नाव राजिम तेलीण या भक्त स्त्रीवरून पडले, असे स्थानिक परंपरा सांगते, आणि तिच्या नावाचे मंदिर तिथे आहे. साहू समाज भक्त माता कर्मा यांची जयंती साजरी करतो. राजिमची कथाही परंपराच आहे. तिलाही वरच्याच कसोट्या लागू होतात. पण एका कथेत तेलीण देवाच्या दारात उभी आहे आणि एका म्हणीत तेली राजाच्या पायाशी. एकच समाज, त्याच्याविषयी बोलणारे तोंड बदलले की भाषा बदलते.

तर ही म्हण वापरावी का? अभ्यासात ती जरूर यावी. कोशातून काढून टाकल्याने इतिहास बदलत नाही. रोजच्या बोलण्यात तिची गरज नाही. ‘जमीन-अस्मानाचा फरक’ म्हटले तरी तेच काम होते आणि कोणाला लागत नाही. पुस्तकात ती छापायची तर तिच्याखाली राजांची बनावट वंशावळ न देता, तिचा खरा रोख सांगावा.

८. संग्रह आणि त्यांच्या मर्यादा

मराठी म्हणी गोळा करण्याचे काम एकोणिसाव्या शतकात कोशांपासून सुरू झाले. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. त्यात शब्दाच्या ओघात पुष्कळ म्हणी आल्या आहेत. मिशनरी आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून निघाला. त्यात शेती, प्राणी, अन्न, नाती अशी विषयवार मांडणी आहे. वासुदेव गोविंद आपटे यांचे संप्रदाय आणि म्हणींवरचे पुस्तक, आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ ही पुढची मोठी कामे. छत्तीसगडीचे व्याकरण १८८५ मध्ये धमतरीच्या शाळेतले शिक्षक हीरालाल काव्योपाध्याय यांनी लिहिले आणि १८९० मध्ये जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

या संग्रहांचे ऋण मोठे आहे. पण म्हणीचा निम्मा अर्थ वापरात असतो आणि संग्रहात नेमका तोच गळतो. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नाही. ते काम अजून शिल्लक आहे आणि ते तुम्ही करू शकता. दुर्ग-भिलाईतल्या मराठी घरांत आजी-आजोबांच्या तोंडी आलेली म्हण नोंदवताना पुढील गोष्टी लिहा : म्हणीचे जसेच्या तसे रूप, बोलणाऱ्याचे मूळ गाव आणि वय, प्रसंग, ऐकणारा कोण, आणि त्या घरात त्याच अर्थाचा हाना माहीत आहे का. बोलणाऱ्याची परवानगी घ्या आणि नाव न लिहिता नोंद ठेवा.

९. सारांश

म्हणी काम, शास्त्र, कथा आणि घटना यांतून उगवतात. त्यांच्या जन्मकथा पुष्कळदा नंतरच्या असतात, म्हणून कालगणना, शब्दाची घडण आणि अर्थ या तिन्ही कसोट्या लावाव्यात. शब्द सारखे असून अर्थ वेगळा असू शकतो आणि शब्द वेगळे असून अर्थ एक असू शकतो. म्हण ज्या घटनेचे नाव घेते त्या घटनेचा ती क्वचितच पुरावा असते. ती वापरणाऱ्यांच्या नजरेचा पुरावा मात्र नेहमी असते.

१०. स्वाध्याय

१. ‘पळसाला पाने तीनच’ आणि ‘ढाक के तीन पात’ यांच्या वापरातला फरक तुमच्या अनुभवातल्या एकेका प्रसंगाने स्पष्ट करा.
२. ‘गड आला पण सिंह गेला’ या वाक्याचा इतिहास लिहिताना पत्र, बखर आणि कादंबरी या तीन साधनांना तुम्ही कोणता क्रम द्याल? का?
३. छत्तीसगडीत ‘खेती अपन सेती’ आणि मराठीत ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ असे म्हणतात. दोन्हींतून सामायिक शेतीविषयी कोणती भूमिका दिसते?
४. जातीचा किंवा स्त्रियांचा उल्लेख असलेली एक म्हण निवडा. ती कोणाच्या तोंडी शोभते आणि कोणाच्या तोंडी कधीच येत नाही, याचा विचार करून एक टिपण लिहा.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तींकडून पाच म्हणी किंवा हाने वर सांगितलेल्या पद्धतीने नोंदवा.